कान असलेली टोपी

मे महिन्यात नागपूरला जाऊ नये, असं साताऱ्यात मला ज्याने त्याने बजावलं होतं. पण शिक्षिकेला सुट्टी मिळते ती मे महिन्यातच, तेव्हा त्या सल्ल्याचा काही उपयोग नव्हता. १९७८ च्या मेमध्ये मी निघाले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीने वर्धा सोडलं तेव्हा खिडकीच्या गजांना हात लावायची सोय उरली नव्हती. बाहेर काळी, भेगाळलेली जमीन, मधूनच बाभळी आणि पळस, आणि सगळ्यावर एक पांढरट उजेड. डोळे मिटले तरी तो पापण्यांतून आत येई. डब्यातल्या माणसांनी ओले पंचे डोक्यावर घेतले होते. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पिशवीतून एक कांदा काढून माझ्या हातात दिला.

“खिशात ठेवजा, बाई. लू लागत नाही.”

लू म्हणजे तिकडची उन्हाची झळ. साडीला खिसा नसतो. मी तो पर्समध्ये टाकला, आणि पुढचे आठ दिवस माझ्या पैशांना कांद्याचा वास येत राहिला.

नागपूरच्या फलाटावर विमलला शोधणं अवघड गेलं नाही. सगळ्या डोक्यांवर पंचे, दुपट्टे आणि पदर होते. एकाच डोक्यावर रुंद काठाची, पिकल्या गव्हाच्या रंगाची टोपी होती. तशीच दुसरी टोपी तिच्या हातात होती. नमस्कार, चौकशी काहीही न करता तिने ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि मग म्हणाली, “हं, आता बोल. प्रवास कसा झाला?”

विमल आणि मी पुण्यात बी.एड.ला एका खोलीत राहिलो होतो. तेव्हाही तिच्या कॉटच्या वर खिळ्याला अशीच टोपी टांगलेली असे. ‘ही कुठे मिळते?’ असं कोणी विचारलं की ती म्हणे, ‘मिळत नाही. आमच्या घरी करतात.’ गव्हाच्या काड्यांची बारीक वेणी गोल गोल फिरवत शिवलेली ती टोपी होती. काठाच्या एका बाजूला त्याच वेणीची एक कडी होती, टोपलीला उचलायला कान असतो तशी. टोपीला कान कशाला, हे मी तिला अनेकदा विचारलं. ‘नागपूरला ये, माय सांगेल,’ एवढंच ती म्हणायची. मी इतिहास शिकवते, त्यामुळे असं अर्धवट उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही. तरी जायला सात-आठ वर्षं लागली.

सायकलरिक्षाने आम्ही उत्तरेकडच्या वस्तीत आलो. दोन खोल्यांचं घर, वर कवेलू (कौलं), पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. आतल्या भिंतीपाशी फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, पुढे ताजी फुलं. निंबाखाली पाण्याने भरलेल्या घमेल्यात गव्हाच्या काड्या भिजत होत्या आणि त्यांच्याजवळ साठीच्या आसपासची, उंच, सडपातळ बाई बसली होती. हीच विमलची माय. हातातली वेणी न थांबवता तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आली काय वं पोरी? बस. पाणी मंग पेजो, आंधी घाम सुकू दे.”

तिच्या स्वागताची ही तऱ्हा होती. पाच मिनिटांनी तिनेच कैरीचं पन्हं आणून दिलं. रात्रीच्या जेवणाला लांबपोळ्या होत्या. चुलीवर मडकं पालथं घालून, सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा कोपरापर्यंत लांबवत माय तो मडक्यावर टाकी, आणि रुमालाएवढी, जवळजवळ आरपार दिसणारी पोळी घडी करून ताटात येई. बरोबर भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माय म्हणाली, “तिखट झालं काय?” मी नाही म्हटलं. तिने आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी माझं व्हायचं ते झालं. दुपारी घरातले सगळे पडले असताना मला शुक्रवार तलाव पाहायची हुक्की आली. टोपी खुंटीला होती. गावात टोपी घालून हिंडायचं मला जरा अवघड वाटलं आणि मी नुसता पदर घेऊन निघाले. तलावापर्यंत पोचलेच नाही. रस्त्यात डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं, ओठांवर काही कोमट लागलं, आणि हात लावून पाहते तो रक्त. घोळणा फुटला होता. एका पानठेल्यावाल्याने मला बाकावर बसवलं, मानेवर ओला फडका ठेवला.

“काहून फिरून राहिल्या बाई उघड्या डोक्यानं? इकडच्या नाही वाटते तुम्ही.”

त्यानेच रिक्षा करून दिली. घरी आल्यावर मायने आधी खुंटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “टोपी खुंटीले अन् डोकं उन्हाले! खुंटीसाठी केली काय मी थे?” तिने कांदा ठेचून तळपायांना चोळला, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं आणि संध्याकाळपर्यंत मला खाटेवरून उठू दिलं नाही. नंतरचे सर्व दिवस मी टोपी घालून हिंडले. कोणीही हसलं नाही.

टोपीची गोष्ट मला तिसऱ्या दिवशी सकाळी ऐकायला मिळाली. माय काड्या निवडत होती. गहू बन्सीच लागतो, तिने सांगितलं, त्याची काडी लांब. खळ्यात बैलांच्या पायाखाली गेलेलं काड चालत नाही, चुरडतं. म्हणून कापणीच्या वेळी ती ओळखीच्या शेतातून पेंड्या हाताने झोडपून आणी. काडी भिजवायची, नखाने चपटी करायची, पाच पेडांची वेणी घालायची आणि टाळूपासून सुरुवात करून फेऱ्यावर फेरा शिवत खाली यायचं.

“अन् कान?” मी विचारलं.

माय हसली. “पुण्यापासून इचारून राहिली म्हणे तू. विमल सांगे.” मग तिने वेणी मांडीवर ठेवली. बोलताना तिने काम थांबवलेलं मला तेव्हा प्रथमच दिसलं.

“हे टोपी माह्या सासूनं काढली. सायत्राबाई तिचं नाव. इंग्रजाचं राज होतं तवाची गोठ. माहा सासरा मालगुजाराच्या बगीच्यात कामाले होता.”

मालगुजार म्हणजे तिकडचा गावचा सारा गोळा करणारा जमीनदार, आणि बगीचा म्हणजे संत्र्याचा. मायच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिनेच सांगितलं, लिहू नको. काटोलच्या बाजूला आहे, एवढं पुरे.

“मालक विहिरीजवळ लिंबाखाली खाट टाकून बसे. आमच्या माणसानं त्याच्यापुढं डोक्याले काही बांधाचं नाही. ना मुंडासं, ना शेला. असं ऊन अन् उघडं डोकं! एक दिवस झाडाले आळं करता करता सासरा पडला. चौघाइनं उचलून घरी आणला. जीव वाचला, पण डोळे गेल्यासारखेच झाले. सकाऊन पुन्हा कामाले तं जा लागेच. मंग सासूनं डोकं चालवलं. डोक्याले बांधाले मनाई होती, भार नेयाले कुठी मनाई होती? भार नेणं तं आमचं कामच होतं. तिनं काडाची वेणी घातली, डोक्यावर बसन असं टोपलं शिवलं, अन् त्याले कान लावला.”

पहिल्याच दिवशी मालगुजाराच्या दिवाणजीने सासऱ्याला बगीच्याच्या तोंडाशी अडवलं. डोक्यावर काय होय रे, म्हणून ओरडला. सासरा गोंधळला. मागून सायत्राबाई येत होती.

“सासू म्हणाली, ‘टोपलं होय जी. कान नाही दिसत काय?’” माय सांगताना मान ताठ करून बसली होती, जणू स्वतःच दिवाणजीपुढे उभी होती. “दिवाणजी पाहातच राह्यला. टोपलं नाही म्हणता ये ना. टोपलं डोक्यावर घेऊ नका, असा काही नेम नव्हता. त्याच उन्हाळ्यात साऱ्या वस्तीच्या डोक्यावर टोपले आले. पण घरातसुद्धा कोणी टोपी म्हणत नव्हतं. टोपलंच म्हणत. लेकराच्या तोंडून चुकून निंगालं तं?”

पुढची गोष्ट विमललाही आठवत होती. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. छप्पन्न सालच्या दसऱ्याला तिचे आईवडील पांढरे कपडे घालून नागपूरला आले, लाखो माणसांबरोबर त्यांनी दीक्षा घेतली आणि गावी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलच्या बाबांनी नेहमीचं टोपलं डोक्यावर ठेवलं आणि मागच्या बाजूची पायवाट सोडून ते मोठ्या गल्लीने, थेट मालगुजाराच्या दारावरून निघाले.

“दिवाणजीनं तेच इचारलं,” माय म्हणाली. “‘डोक्यावर काय होय रे?’ विमलच्या बाबानं सांगतलं, ‘टोपी होय.’”

निंबावर एक होला घुमत होता.

“एवढंच. दोन शब्द. त्या दिवशी काम गेलं. बगीच्यातलं गेलं, मंग कोणाच्याच शेतात कोणी बोलवेना. आठ दिवसानं आम्ही बिस्तरा बांधला अन् नागपूरले आलो. वेशीतून निंगताना मी म्हटलं, या गावात आता पाय नाही ठेवीन.”

नागपुरात विमलचे बाबा संत्रामार्केटमध्ये पेट्या उचलू लागले आणि माय टोप्या विणू लागली. उन्हात गाड्या उतरवणाऱ्या बायका तिच्याकडून टोप्या नेत. त्या टोप्यांवर विमल शिकली. बाबा दोन वर्षांपूर्वी वारले, आणि त्यानंतर विमलला मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली. बढतीचा हुकूम वाचून तिने तो आईला वाचून दाखवायला दोन दिवस घेतले होते, कारण शाळा त्याच गावची होती.

मी गेले तेव्हा घरात हाच पेच पडलेला होता. जूनमध्ये विमलला हजर व्हायचं होतं. आईला एकटं सोडून जायची तिची तयारी नव्हती, आणि माय हलायला तयार नव्हती.

“तू जाय. शाळा सरकारची होय. गाव माहं नाही.”

“तू येत नसशीन तं मी पण नाही जात. इथंच राहतो मास्तरीण म्हणून.”

“बाप टोपी होय म्हणून निंगाला, अन् पोरगी त्याच गावाले भेऊन नाही म्हणते काय?”

“मी नाही भेत, माय. तूच भेऊन राहिली.”

हे विमल बोलून गेली. माय उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर बाहेर जायचं लुगडं होतं. “गांधीबागेत जातो मी. कोणाले याचं असन तं या.” तिकडच्या बायका असं पुरुषांसारखं ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात. तिच्या तोंडी ते मला फार शोभून दिसे.

गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांची रांगच्या रांग आहे. गाद्या, तागे, हमालांच्या हातगाड्या आणि गल्लीवर ताणलेली पालं. मायने एका दुकानात पांढरं सुती कापड मागितलं, वीतभर. दुकानदार ठोकचा व्यापारी, तो हसू लागला.

“वीतभर में क्या बनेगा, माय?”

“टोपीले आतून पट्टी लावतो.”

त्याने तिच्या डोक्यावरची टोपी पाहिली, हात पुढे करून मागून घेतली, उलटसुलट पाहिली. “बढ़िया है. विलायती है क्या?”

“विलायत कुठी हाय मले माहीत नाही,” माय म्हणाली. “हे माह्या घरची होय.”

त्याने ताग्यातून हातभर कापड फाडून दिलं. घरी येऊन तिने नव्या टोपीला आतून पांढरी पट्टी शिवली, दोरा दाताने तोडला आणि विमलकडे न पाहता म्हणाली, “उद्या येतो मी. एक दिवस. पाहून येतो, राहाचं कबूल नाही करत.”

सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. शहर संपलं तशी संत्र्याचे हिरवे चौकोन दिसू लागले. भाजून निघालेल्या त्या मुलखात ती हिरवळ डोळ्यांना फार बरी वाटे. फाट्यावर उतरलो. तिथून गावापर्यंत एक बंडी (बैलगाडी) मिळाली, पण वेस दिसताच मायने बंडी थांबवली. “चालत जातो मी.” माझ्या खांद्यावरच्या छागलीतलं (पाण्याच्या जाड कापडी पिशवीतलं) पाणी तिने घोटभर घेतलं, टोपी काढली, केस सारखे केले, टोपी पुन्हा नीट बसवली. विमलने तिचा हात धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

मोठी गल्ली दगडी फरसबंदीची होती. माय गल्लीच्या मधोमध चालत होती, आम्ही दोघी मागे. उजव्या हाताला दुमजली, लाकडी सज्ज्याचं घर आलं आणि माय थांबली. वळून तिने दाराकडे तोंड केलं.

दाराला भलंमोठं कुलूप होतं. पायरीवर एक शेळी बसली होती.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी धान्य पाखडत होती. मायने तिला विचारलं, “मालक कुठी गेले?”

“मालक? थे तं केव्हाचेच गेले, बाई. बगीचा इकला अन् नागपूरले गेले. धरमपेठेत बंगला हाय म्हणते त्याइचा.”

माय त्या कुलपाकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले तर ती हसत होती, पदर तोंडात कोंबून हसत होती.

“बाप्पा! मी ह्याइच्यापायी इकडे येत नव्हती, अन् थे तिकडे माह्याच गावात राहून राहिले!”

विमलही हसू लागली. तिघी हसत हसत आम्ही शाळेत पोचलो. शाळेची किल्ली सरपंचांकडे होती आणि ते काटोलला गेले होते, म्हणून खिडकीतूनच वर्ग पाहिले. विमलने मला व्हरांड्याचा एक कोपरा दाखवला. पहिली आणि दुसरी ती तिथे बसून शिकली होती, वर्गाच्या बाहेर. तिथल्या खांबाला हात लावून ती उभी राहिली.

परत फिरताना मायच म्हणाली, “बगीचा पाहू.”

बगीचा गावाच्या खालच्या अंगाला होता. कुंपणापाशी पोचलो आणि आम्ही तिघीही जागच्या जागी थबकलो. आत आठ-दहा बायका झाडांची वाळलेली काडी काढत होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तीच टोपी होती. गव्हाच्या काडीची, रुंद काठाची. प्रत्येकीला एक कान.

त्यांच्यातली एक पुढे आली. धिप्पाड, हसऱ्या तोंडाची, चाळिशीची. यमुनाबाई तिचं नाव, गावातल्या कुणब्याच्या घरची सून. तिची नजर आमच्या डोक्यांवर गेली.

“तुमच्याकडेबी घालतात काय हे? आमच्या गावची होय हे टोपी. फार जुनी. साऱ्या बाया करतात. आम्ही हिले सायत्री म्हणतो.”

मायचा चेहरा मी बाजूने पाहत होते. तिने एकदा विमलकडे पाहिलं, जणू ऐकलं ते खरं ना, असं विचारत होती.

“काय म्हणता?”

“सायत्री. काहून म्हणतात थे नाही माहीत. माही सासू म्हणे, म्हणून मी म्हणतो.”

“सायत्री माह्या सासूचं नाव होय,” माय म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण मागच्या बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली एक म्हातारा काठी टेकून बसला होता. तो तुळशीराम, मालगुजारांच्या काळापासूनचा बगीच्याचा राखणदार. तो डोळ्यांवर हात धरून पाहू लागला. आणि मायने, जिथे तिच्या सासऱ्याला उघड्या डोक्याने उभं राहावं लागे त्याच लिंबाखाली उभं राहून, सगळी गोष्ट सांगितली. सासऱ्याचं पडणं, सायत्राबाईचं टोपलं, दिवाणजीचा प्रश्न, टोपलं होय जी, टोपी होय. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. कुणबिणी होत्या, वस्तीतल्या बायका होत्या, दोन तेलिणी होत्या, सगळ्या एकाच सावलीत उभ्या राहून ऐकत होत्या.

तुळशीराम म्हणाला, “आम्हाले समजे, बाई. टोपलं टोपलं म्हणत, पण टोपी होय थे समद्याइले समजे. दिवाणजीलेबी समजे. तुम्ही गेल्यावर वस्तीतले लोक उघड म्हणाले लागले, सायत्राबाईची टोपी. मंग नुसतं सायत्री राह्यलं.”

“समजे न?” माय त्याच्याकडे वळली. “मंग विमलच्या बाबाले काढलं तवा तुमच्या तोंडातून एक शब्द काहून नाही निंगाला?”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. काठीने तो माती उकरू लागला.

“भेव,” तो म्हणाला. “माहंबी पोट त्याच्याच घरी होतं.”

“हां,” माय म्हणाली. “हे खरं बोल्ला.”

तिने त्याला माफ केलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. तिने तो विषय तिथेच ठेवला, एवढं खरं. यमुनाबाईने टोपी काढून हातात घेतली होती आणि ती कानाकडे पाहत होती.

“मायबाई! अन् आम्ही ह्या कानानं झाडाले टांगतो हिले. म्हटलं टांगासाठीच असन.” मग ती अवघडून म्हणाली, “मंग आता काढून टाकाव काय हा कान?”

सगळ्यांचं लक्ष मायकडे. मायने तिच्या हातातली टोपी घेतली, कान ओढून पाहिला.

“राहू द्या. टांगाले बरा हाय.”

बायका खळखळून हसल्या. पण मायचं बोट आता टोपीच्या काठावरून फिरत होतं, आणि कपाळाला आठी पडली होती. “पण हा काठ कोणं घातला वं? एका पावसात उलगडन हा. पाचवा पेड खालून घ्या लागते. अशी दाखव बरं इकडे.” आणि ती तिथेच बसली. यमुनाबाई तिच्या गुडघ्याशी बसली, बाकीच्या भोवती. उन्हं उतरेपर्यंत त्या लिंबाखाली काठ उसवले आणि शिवले जात होते. मधे तहान लागली तेव्हा माय उठली, विहिरीवरच्या मोटारीच्या नळापाशी गेली आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यायली. छागल माझ्या खांद्याला तशीच होती.

यमुनाबाईने निघताना आम्हाला भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा खाऊ घातला. मायच्या पाया पडायला ती वाकली तेव्हा मायने तिला वरच्या वर धरलं.

परतीच्या एस.टी.त माय खिडकीशी बसली होती. काटोल मागे पडल्यावर माय स्वतःच म्हणाली, “पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जातो. त्याइचे काठ ढिले हायत. सायत्रीचं नाव सांगतात अन् असे काठ घालतात, हे बरं नाही दिसत.”

पुढच्या बाकावरच्या विमलने तिच्या खिडकीबाहेर तोंड वळवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसू नये म्हणून असावं, पण वारा इतका गरम होता की ते गालावर पोचायच्या आत वाळून गेलं.

दोन दिवसांनी मी साताऱ्याला परतले. जूनमध्ये शाळा सुरू झाली. आमच्या इतिहासाच्या वर्गात भिंतीवर मुकुट, जिरेटोप आणि तऱ्हेतऱ्हेच्या पगड्यांचा एक तक्ता आहे. वर्षानुवर्षं मी तो दाखवून राजांची आणि सरदारांची नावं पाठ करून घेत आले. त्या वर्षी पहिल्याच तासाला माझी टोपी मी त्या तक्त्याशेजारी खिळ्याला अडकवली आणि मुलींना सायत्राबाई सांगितली. ती कोणत्या सालात जन्मली आणि कधी गेली, हे मला माहीत नाही, तिचं चित्रही कुठे नाही. एका राजवटीचा हुकूम तिने गव्हाच्या काडीने निष्प्रभ केला, आणि तो हुकूम काढणाऱ्यांच्या दाराला कुलूप लागल्यावरही गावाच्या तोंडी तिचं नाव राहिलं. मी आजवर शिकवलेल्या कितीतरी विजयांपेक्षा मला हा मोठा वाटला, आणि मी तसं मुलींना सांगितलं.

“बाई, मग त्या माय आता कुठे राहतात?” एका मुलीने विचारलं.

“त्याच गावात,” मी म्हणाले. विमलचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. “मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी, मोठ्या गल्लीत.”

हे सांगताना माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून डोकावून गेल्या.